आधी वैनींना दाखवा

घोटावड्यात भाड्याची घरं दाखवणारा तो माणूस रिकाम्या घरातही चपला काढूनच शिरायचा. घराचे दोष आधी सांगायचा. "दुपारी पानी न्हाई. मागं डास लई. आता बगा." आणि घरातल्या बाईनं पाहिल्याशिवाय घर द्यायचा नाही.

माझं ऑफिस हिंजवडीला. बायको कोथरूडच्या शाळेत शिकवायची, इतक्या लांब यायला तयार नव्हती. तिला न आणताच मी त्याला सांगितलं, "ती येऊन बघून गेली, तुम्ही नव्हता तेव्हा." तिला सांगितलं, घर ठरवून टाकलंय. हे आजवर कुणाला बोललो नाही.

सामानाचा टेम्पो आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "भाऊ, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?"

त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग चपला काढून तिला नव्या गिऱ्हाइकासारखं सगळं घर दाखवलं. पाणी, डास, शाळेपर्यंत बदलाव्या लागणाऱ्या बस, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "वैनी, पसंत नसंल तर आत्ता सांगा. टेम्पो हितंच हाय, सामान मी परत चढिवतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'चढवा' एवढंच मला म्हणायचं होतं. मी कपाटाची दोरी सोडत राहिलो.

"असू द्या, भाऊ," ती म्हणाली.

दिवाळीनंतर तिनं शाळा सोडली. तो रस्त्यात भेटला की विचारतो, "वैनी बऱ्या हायेत का?" आणि मी तोंड उघडायच्या आत तो गाडीला किक मारतो. तिचं उत्तर माझ्या तोंडून त्याला आता नको असतं.