बाबांनी सांगितलेले आकडे

बाबा घाटकोपरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्तीनंतरही मुलुंडच्या आमच्या घरी बारावीची मुलं शिकायला यायची. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दांची अदलाबदल व्हायला लागली. पाणी हवं असलं की म्हणायचे, "खिडकी दे." आपण चुकलो हे त्यांना लगेच कळायचं, पण बरोबर शब्द काही केल्या यायचा नाही.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं काहीतरी करून बघा." म्हणून एका दुपारी मी फोनवर मॅट्रिक्सचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडला. तीन ओळींत रिकामे चौकोन. त्यांत आकडे भरले की इन्व्हर्स, म्हणजे उलट मॅट्रिक्स, आपोआप मिळतो. दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना घालायचं एक गणित बाबांना पाठ होतं. ते आठवून त्यांचे डोळे चमकले. मी कॉमर्सची, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधी त्यांनी डाव्या हाताने स्वतःच भरून पाहिलं. बोट दोनदा टेकायचं, दोनचे बावीस व्हायचे. शेवटी फोन माझ्याकडे दिला.

"चार," ते म्हणाले. मी चार टाकला.

"नाही. चार."

"चारच टाकलाय बाबा."

त्यांनी जोरात मान हलवली. मग मी म्हटलं, बोटांनी दाखवा. त्यांनी तीन बोटं दाखवली. तसं जमायला लागलं. उणे आलं की ते हवेत आडवी रेघ ओढायचे. सगळे चौकोन भरले, मी बटण दाबलं. उत्तर आलं, या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स निघत नाही.

"निघतो," बाबा म्हणाले. हा शब्द मात्र स्वच्छ आला.

कुठला तरी आकडा चुकला होता. "कुठला चौकोन, बाबा?" ते स्क्रीनकडे बघत राहिले. ओठ हलत होते. बोट पुढे केलं, ते नेमकं जाहिरातीवर पडलं. कुठलंसं गृहकर्जाचं पान उघडलं आणि मी परत आले तेव्हा चौकोन रिकामे झाले होते.

"परत भरू या," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आई स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, "राहू दे गं आता."

पुढच्या आठवड्यात मी मुलांच्या घरी फोन करायला बसले, दुसरा क्लास बघा म्हणून सांगायला. बाबा शेजारीच होते. एका मुलीच्या आईने विचारलं, "सर परत कधी सुरू करतील?"

मी बाबांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा बोलले, तरी कळलं नाही.

"बघू," मी त्या बाईंना सांगितलं.