मंदारचं हार्डस्टाइल

इथे आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टला आमची पाच-सहा मराठी घरं. लुआस ट्राममध्ये दोघं शेजारी बसले की उतरायच्या आत तिसऱ्याचा किस्सा निघतोच. २०१६-१७च्या सुमारास तो तिसरा बहुतेक वेळा मंदारच असायचा! नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअरची आणि वेड हार्डस्टाइलचं, म्हणजे ते धाडधाड वाजणारं डच डान्स म्युझिक. शनिवारी दुपारी हा लॅपटॉपवर स्वतःचे ट्रॅक बनवायचा.

*

एका शनिवारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची आयरिश आजी! मंदारच्या बायकोनं, श्रुतीनं आधी धावत जाऊन आवाज बंद केला. भाड्याचं घर, तक्रार झाली तर?

आजी म्हणाली, "तुमचं वॉशिंग मशीन फार हादरतंय गं. माझा नवरा बघून देईल." मागे आजोबा टूलबॉक्स घेऊन उभे!

मंदारनं खरं सांगून टाकलं, ट्रॅकही ऐकवला. आजोबांनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. "ग्रँड, छान आहे," ते म्हणाले, "पण बेअरिंग गेलंय!"

*

जेवताना मी एकदा विचारलं, "हे आलं कुठून रे?" झालं!

"आधी हॉलंडमध्ये गॅबर आणि हार्ड ट्रान्स असं म्युझिक होतं. दोन हजारच्या आसपास त्यातून हार्डस्टाइल निघालं. सुरुवातीला नुसता तो फाटका ठोका. मग त्यावर चाली आल्या, गाणी आली. लोक म्हणाले, फारच गोड झालं. म्हणून आता 'रॉ' आलंय, एकदम खडबडीत!"

श्रुती भात वाढत म्हणाली, "म्हणजे आधी डोकं दुखायचं, मग सुरात दुखायला लागलं, आता परत नुसतंच दुखतं!"

मंदार खूश. "करेक्ट!"

*

दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर एक ट्रॅक वाजवायला मिळाला. मोठी माणसं खुर्चीला खिळलेली, पोरं मात्र बेभान! ट्रॅक संपला तशी माझी इरा ओरडली, "दॅट वॉज सॅव्हेज, काका!"

मंदारचा चेहरा पडला. मी इराला झापलं, "काकांना रानटी म्हणतेस? सॉरी म्हण!"

"इट मीन्स ब्रिलियंट, बाबा!"

मंदारचा जीव भांड्यात पडला.

*

आता हा शेवटचा. त्याआधी एवढंच सांगतो, की हार्डस्टाइल मिनिटाला दीडशे ठोक्यांवर चालतं.

श्रुतीला सातवा महिना होता. आम्ही सगळे स्लायगोला फिरायला गेलो होतो. दुपारी ती हळूच म्हणाली, "सकाळपासून बाळ हललं नाहीये." मी गाडी सरळ हॉस्पिटलकडे वळवली. मंदार मागच्या सीटवर तिच्या पोटावर हात ठेवून बसला.

पुढचं श्रुतीनंच सांगितलं. मिडवाइफनं पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. काहीच नाही. जागा बदलून पुन्हा फिरवलं. श्रुतीनं डोळे मिटून घेतले. आणि एकदम धब-धब-धब-धब!

मिडवाइफ स्क्रीनकडे बघून हसली. "बेबी इज ग्रँड. वन-फिफ्टी!"

मंदार ढसाढसा रडायला लागला. दोन्ही हात वर करून ओरडला, "इट्स माइन! इट्स माइन!"

मिडवाइफनं हळूच श्रुतीकडे बघितलं.