आठ आण्यांचं दावं

“आठ आणे? परत आठ आणे? मी शिरूरहून दौंडला काय शेंगदाणे मोजाय येतो व्हय?” शेठ एवढ्यानं ओरडले, की जंक्शनात शिरणाऱ्या इंजिनानं आपली शिट्टी गिळली. खोटं वाटत असेल तर त्या गाडीच्या फायरमनला विचारा.

मी पत्त्यांची पाच पानं छातीशी धरून बसून राहिलो.

शेठ म्हणजे शिरूरच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, आणि मी तिथलाच मापाडी. आठवडाभर ते कांदा घ्यायचे, मी तोलायचो. रविवारी एकाच एस.टी.नं दौंड गाठायचो, तेही एकमेकांची ओळख नसल्यागत. तिथं एका रिटायर अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हर साहेबांच्या पडवीत भर दुपारी पोकर चालायचा. पाच पानं, त्यातली नको ती बदलायची, मग पैसे लावायचे.

याच पडवीत दिवाळीआधी शेठनी माझी सायकल जिंकली. लग्नात सासऱ्यानं दिलेली. शेठ तिच्यावर बसून गावभर हिंडले असते तरी मी सोसलं असतं. त्यांनी ती गाळ्यासमोर उभी करून दांडीवर ओली पोती वाळत घातली. हमाल विचारायचे, “मापाडी, सायकल पोत्याला दिली व्हय?” बायको तिथून जाताना पदर डोळ्यांवर ओढायची. माझ्या पोटात असा जाळ उठायचा, की त्यावर एक अख्खं गुऱ्हाळ चाललं असतं.

दुखणं होतं बसायच्या जागेचं. पानं साहेबच वाटायचे, आणि शेठ हटकून माझ्या डाव्या हाताला. म्हणजे आधी मी बोलायचं, मग माझं तोंड वाचून ते. मी उठून दुसरीकडं बसलो की तेही उठून यायचे. मी पैसे न लावता ‘पास’ म्हटलं की शेठची धाडकन दहाची नोट. बरी जोडी हातात असूनही पानं टाकावी लागायची.

मग एका लिलावात, काट्यापाशी उभा असताना, मला ते दिसलं. पहिली बोली कितीही हलकी असो, शेठ तिच्यावर चार-आठ आणेच चढवायचे. एकदम उडी मारून भाव फोडला तर बाकीच्या व्यापाऱ्यांनी त्यांना फाडून खाल्लं असतं. वीस वर्षांत ते हातातच मुरलं होतं.

झालं. मी पास म्हणणं सोडलं. पान बरं असो की भिकार, आपणच आधी आठ आणे टाकायचे. शेठचा हात आपोआप चार आणे चढवायचा, आणि बारा आण्यांत मला त्यांची पानं दिसायची. एकदा त्यांना चार एक्के आले, तेसुद्धा मला बारा आण्यांतच पडले. दोन महिने असा बैल दाव्याला बांधून ठेवला.

शेठ ओरडले त्या रविवारी माझ्याकडं तीन गुलाम आणि दोन नव्वे होते. तरी टाकले आठच आणे.

“चढवा की चार आणे, शेठ,” मी म्हणालो. “का आज माल मऊ हाय?”

साहेब विडी पेटवत म्हणाले, “मापाडी तुमको बाजार सिखाता है, शेठ.”

शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तुझी सायकल लावतो. हाय का छाती?”

“महिन्याची तोलाई लावतो.”

त्यांच्या दोन जोड्या निघाल्या, राजा आणि राणीच्या; तीन गुलाम नि नव्व्यांच्या जोडीपुढं त्या फिक्या. मी माझे गुलाम एकेक करून ठेवले, अगदी सावकाश, नवरी उंबरा ओलांडते तसे.

सोमवारी भरल्या बाजारात, सगळ्या हमालांना आवतण देऊन, मी गाळ्यावर गेलो. पोती उचलून शेठच्या गादीवर घडी घालून ठेवली. सायकल धोतराच्या सोग्यानं पुसली. घंटी अशी वाजवली, की घोडनदीपल्याड नगर जिल्ह्यातली कुत्री उठून उभी राहिली.

“काय शेठ,” मी विचारलं, “कसं वाटतंय आता?”

शेठ कांदा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मागच्या चाकात हवा न्हाई,” ते म्हणाले.