सुताच्या काट्यावर बाय

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घरात ती आधी ऐकू यायची आणि मग दिसायची, इतकी तिला धाप लागायची. ओट्यावर ती बसली की बाकीच्यांनी उभंच राहायचं. कोणी चिडवायच्या आत स्वतःच म्हणायची, "मी बारीक झाले तं या घरात भुतं नांदतील." सासूबाईंनाही हसू आवरत नसे.

लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. नववा लागला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल आडवं आहे, सिझरच करावं लागेल. भूल देणारे डॉक्टर ठाण्याहून यायचे. त्यांना नेमकं वजन हवं होतं, आणि दवाखान्यातल्या काट्याची सुई टोकाला जाऊन अडली. शेवटी भाऊजींनी तिला जवळच्या कारखान्यात नेलं, सुताची पोती तोलायच्या काट्यावर. ती वर चढली तेव्हा मुकादमाने दिवसभर खडखडणारे सगळे लूम बंद करवले आणि कारागीर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिवंडीत भरदिवसा एवढी शांतता! मी तिच्या चपला हातात धरून उभी होते. बाय मात्र म्हणाली, "भाई, बराबर तोलना, सूत महंगा है."

ऑपरेशनच्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांनी भाऊजींना आडपडदा न ठेवता सांगितलं, "पूर्ण झोपवलं तर यांचा श्वास सांभाळणं कठीण. पाठीत सुई देऊन बघतो." तिला वाकवून धरायला नर्स पुरेना, म्हणून मला आत घेतलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. डॉक्टर पाठ चाचपत होते, सुई घालत होते, काढत होते. एवढ्या मांसात मणका हाताला लागेना.

"मना झोपवू नका," ती म्हणाली. "मी उठनार न्हाय."

"उठशील ग बाय," मी म्हटलं.

सुई लागलीच नाही. तिच्या तोंडावर मास्क ठेवला आणि मला बाहेर काढलं. थोड्या वेळाने मूल रडलं, सासूबाईंनी हात जोडले. पण दार उघडेना. शुद्धीवर येताना बायचा श्वास अडला होता आणि काढलेली श्वासाची नळी पुन्हा घशात जात नव्हती. डॉक्टर बाहेर आले ते मान खाली घालून.

तिची मुलगी माझ्या कुशीत वाढली. अंगाने आईवर गेली आहे. दुपारी ती गाढ झोपली की मी हातातलं काम टाकून जाते आणि तिच्या नाकाशी बोट धरते.

"काय ग काकी, जिती हाय मी!" ती वैतागते.

"माहीत आहे," मी म्हणते, आणि बोट तसंच ठेवते.