मॅडम काहीच सांगत नाहीत

कुठल्याही ऑफिसात चार वर्षं चहा प्या, किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे मात्र पेशंटचा किस्सा बाहेर सांगायची सक्त बंदी. त्यामुळे आम्हा विद्यार्थ्यांकडे साठले ते शेटे मॅडमचेच. मॅडम नांदेडला क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवतात, तिथंच डिपार्टमेंटमध्ये आणि शनिवारी लातूरला पेशंट बघतात, आणि थेरपीतली नीतिमत्ता हा त्यांचा आवडता, आमच्या मते एकुलता एक, विषय. पुढे जी माणसं येतील त्यांना विचारलंय, शिवाय नावं-गावं बदललीत. शोधायला गेलात तर भलत्याच्याच दारात उभे राहाल.

आमच्या भागात 'अमक्याची पोरगी डोक्याच्या बाईकडं जाती' एवढं कुणाच्या कानावर गेलं तरी ठरलेली सोयरीक मोडते. म्हणून मॅडमचा पहिला नियम असा की, बाहेर भेटलं तर ओळख पेशंटनं द्यायची, आपण नाही.

हा नियम मी वहीत लिहिला आणि विसरले. कंधारचे एक काका झोप येत नाही म्हणून आमच्याकडे यायचे. एकदा ते बस स्टँडवर दिसले आणि मी लांबूनच ओरडले, "काय काका, लागते का झोप आता?"

काकांच्या दोन्ही बाजूला त्यांच्या गल्लीतले लोक. काका म्हणाले, "हाव, लागती की! तुमच्या दुकानातली गादी लई बेस निघाली."

मला हा प्रसंग भारी वाटला. हसत हसत मॅडमना सांगितला. त्या हसल्या नाहीत. "त्यांनी तुला सांभाळून घेतलं. सांभाळायचं कुणी होतं?" पुढचे दोन आठवडे काका आलेच नाहीत, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हिमायतनगरहून एक शेतकरी दादा यायचे. बरं वाटायला लागलं म्हणून एक दिवस त्यांनी हळदीचं अख्खं पोतं रिक्षात घालून आणलं आणि व्हरांड्यात उभं केलं. आम्ही सगळे टपून बसलो. पेशंटकडून भेट घ्यावी की नाही, यावर मॅडमचं एक पूर्ण लेक्चर आहे. आता बाई काय करतात बघू.

मॅडम बाहेर आल्या, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी ते फिरवा!"

मोंढ्याच्या बाजारात माल ओळखू यावा म्हणून पोत्यावर निळ्या रंगानं ठसठशीत नाव, गाव लिहिलेलं. येणारा-जाणारा वाचत होता. आम्ही तिघींनी पोतं ढकलून नाव भिंतीकडे केलं. मग मॅडमनी वाटीभर हळद घेतली, दादांना चहा पाजला आणि पोतं रिक्षानं परत पाठवलं. लेक्चरमध्ये पोतं फिरवायचा मुद्दा नव्हता. आता आहे.

लातूरच्या खोलीवर कुणीतरी हौसेनं 'मानसोपचार' अशी मोठी पाटी लावली. मॅडमनी ती स्वतः स्टुलावर चढून काढली. दारावर नुसता खोलीचा नंबर राहिला. त्याच मजल्यावर डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा कोचिंग क्लास. एका पासष्टीच्या आजींना वॉचमननं अडवलं, "आजी, इकडं कुठं?"

"नीटची तयारी करून राहिले," आजी म्हणाल्या आणि आत आल्या.

सगळ्यात वैताग आणतात ती सोयरिकीच्या चौकशीला येणारी माणसं. एक गृहस्थ मोबाईलवर फोटो घेऊन आले. "हा पोरगा तुमच्याकडं येतो का? आमची पोरगी द्यायची हाय." मॅडम म्हणाल्या, "आला असेल तरी सांगणार नाही, नसेल तरी सांगणार नाही."

तो मुलगा कधीच आला नव्हता. गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, "मग सरळ 'नाही' म्हणायला काय हरकत होती?"

"आज याच्याबद्दल 'नाही' म्हटलं, तर उद्या जिच्याबद्दल गप्प बसेन ती आलेली आहे, हे सगळ्या गावाला कळेल."

मी ते वहीत लिहून घेतलं. पण मनात आलं, परक्यांच्या बाबतीत हे सोपं आहे.

मग मॅडमच्या सख्ख्या भावाच्या मुलीला चाकूरहून स्थळ आलं. मुलगा चांगला, मुलीला पसंत, बैठकीचा दिवस ठरायचा बाकी. मुलाची आई एकटीच थेट आमच्या डिपार्टमेंटला आली. मी फाईल घेऊन तिथंच उभी होते.

"पोरगी गुणाची हाय," बाई म्हणाल्या. "पण एवढं कळू द्या. ती कधी तुमच्याकडं इलाजाला बसली का?"

कधीच बसली नव्हती, हे आम्हालाही माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं. मॅडमचा चेहरा पडला. पण म्हणाल्या, "ताई, कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणाबद्दलच सांगत नाही. भाचीबद्दल पण नाही."

बाई चहा तसाच ठेवून गेल्या. संध्याकाळी भावाचा फोन आला. तो एवढ्या जोरात बोलत होता की मलाही ऐकू आलं. "एक 'नाही' म्हणायला तुझं काय जात होतं?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगते, मला त्यांचा रागही आला.

आठ दिवसांनी त्याच बाई पुन्हा आल्या. एकट्याच. पेशंटची नोंदवही बाजूला सारून मी लगबगीनं उठले. "बसा ना, मॅडमना बोलावते. बैठकीचं ठरलं का?"

"स्थळाचं बोलायला न्हाई आले."

त्यांनी मागं वळून दार लोटलं, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि पदर नीट केला.

"सख्ख्या भाचीसाठी बी बाईनं तोंड उघडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं झाली, मी कुणापाशी बोलले न्हाई. माझं नाव लिही."