एक जण बाकी

दुसऱ्यासाठी थांबणारा माणूस बंगळुरात एकच शिल्लक होता आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. इथे सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचे हॉर्न सुरू होतात. अण्णा मात्र लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत घास उचलत नसत, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्याची त्यापायी फुकट उपासमार होई. मूळचे ते निपाणीकडचे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना लेथ शिकवण्यात त्यांची नोकरी सरली. तिथला त्यांचा नियम असा, की शेवटच्या माणसाचा तुकडा मापात बसेपर्यंत कुणालाच पुढचं काम मिळायचं नाही. साहेब लोक वैतागत, पण अण्णा ढिम्म.

निवृत्तीनंतर एकदा त्यांनी मला प्लंबरशी हिंदीत हुज्जत घालताना ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. पुण्यामुंबईहून आलेल्या आम्हा भाडेकरूंना कन्नड शिकवायचं असा विडाच त्यांनी उचलला होता. आम्ही आठ जण होतो. पुढे कोरमंगलातल्या पीजींमधली पोरंपोरी येत गेली आणि आम्ही साठ झालो. सकाळी सातला हजेरी, मग अण्णांच्या आवाजात एक वाक्य. ते आपण बाहेर कुणाला तरी प्रत्यक्ष म्हणायचं आणि समोरच्याच्या उत्तरासकट रेकॉर्ड करून पाठवायचं. नागपूरच्या एका मुलीनं शहाळेवाल्याला भाव विचारला आणि सहा शहाळी घेऊन घरी आली, कारण ‘नको’ कसं म्हणायचं ते पुढच्या धड्यात होतं. अण्णांनी तिला शाबासकी दिली. शहाळी आम्ही सगळ्यांनी मिळून प्यालो.

कारखान्याचा नियम इथेही होताच. सगळ्यांना वाक्य आल्याशिवाय पुढचं मिळायचं नाही. ‘ई बस एल्लिगे होगुत्ते?’, म्हणजे ही बस कुठे जाते, या वाक्यावर आमचा वर्ग अकरा दिवस अडकला. रोज सकाळी अण्णा तेच वाक्य पुन्हा म्हणत आणि खाली लिहीत, ‘एक जण बाकी.’ नाव कधीच लिहीत नसत. ग्रुपवर कुरकुर सुरू झाली, मग ओरड. कोण आहे हा ढ, काढून टाका त्याला, असं जो तो लिहू लागला. मीही लिहिलं, आणि चांगलं झणझणीत लिहिलं.

तो एक जण मी होतो. बसस्टॉपवर अनोळखी माणसापुढे तोंड उघडून चुकायची मला लाज वाटायची, एवढंच कारण. पण लोकांना ऑनलाइन एकत्र आणून शिकवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, कोरमंगलातल्या एका कंपनीत मी दुसरं काही करत नाही. तेव्हा अडाण्यासारखा बाकी राहण्यापेक्षा मी शहाणपणा केला. नवा ग्रुप काढला. वेगवान मंडळींची वेगळी तुकडी, रोजचे गुण, पदकं, सगळं आणलं. थांबायची भानगड ठेवली नाही. एका दुपारीत सगळे तिकडे गेले. जुन्या ग्रुपातून मी तेवढा बाहेर पडलो नाही. अण्णांना तोंड कसं दाखवायचं म्हणून. तीन महिन्यांत नव्या ग्रुपवर रिकामे फ्लॅट आणि जुने फ्रिज यांच्या जाहिराती उरल्या. कन्नड कुणालाच आलं नाही. आमच्या कंपनीत मात्र या प्रयोगाचं कौतुक झालं आणि ते मी मान खाली घालून ऐकलं.

घर सोडताना मला राहवलं नाही. ‘त्याला काढून टाका’ असं लिहिणाऱ्यांत मीही होतो, हे मी अण्णांना सांगितलं.

“वाचलंय की मी,” ते म्हणाले. “काढा म्हणणारे तुमी आणि काढायचं तेबी तुमालाच. हे चारचौघांत कशाला सांगायचं? लाजलेला माणूस परत वर्गात येत न्हाई.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी पेटी उचलली आणि निघालो.

त्यानंतर वर्षभर रोज सकाळी सातला तेच वाक्य येत राहिलं. जुन्या ग्रुपात आम्ही दोघंच. गेल्या आठवड्यात मी बसस्टॉपवर एका म्हाताऱ्या बाईंना ते एकदाचं विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं, हसल्या-बिसल्या नाहीत. मी रेकॉर्डिंग पाठवलं. मिनिटभरात अण्णांचा आवाज आला, मोठा आणि खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचावा तसा.

“सरी, बरोबर. सगळ्यांना आलं. आता पुढचं घेऊ.”

त्या सगळ्यांत आता मी एकटा होतो, आणि बाकीच्यांना वर्गातून उठवून नेलं होतं तेही मीच. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी पुढचं वाक्य म्हणायला लागलो.