पाहुण्यांसमोरचा खोकला

गल्लीत पिंजारी कापूस पिंजू लागला, की मला पाहायला पाहुणे आले तो दिवस आठवतो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने वडिलांना खोकला जडला होता आणि कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. पाहुण्यांना तो क्षय वाटला असता, तर लग्न तिथेच मोडलं असतं. म्हणून वडील तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, कोमट पाण्याचे घोट गिळत बसले होते. बोललं की उबळ येई, आणि पाहुणे तर त्यांनाच विचारत होते. शेवटी मान खाली घालून बसायचं सोडून मीच उत्तरं देत सुटले. शाळा, स्वयंपाक, आमचं देवकसुद्धा. "पोरगी लई बोलकी हाय की!" म्हणत पाहुणीबाई उठल्या. टांगा वळेपर्यंत आईने दार लोटून धरलं. मग वडील पोटभर खोकले आणि डोळे पुसत म्हणाले, "एवढं बोलतीस व्हय गं तू!" पाहुण्यांचा निरोप काही आला नाही, आणि एवढं मी त्यानंतर आजवर कुठेच बोललेले नाही.